प्रतिक्रियेचा आहेर

कोणत्याही भाषेतलं साहित्य टिकून राहायचं असेल तर तीन गोष्टी लागतात: लिहिणारा माणूस, वाचणारा माणूस आणि या दोघांची गाठ पडू नये म्हणून अहोरात्र झटणारी एक संस्था. पहिल्या दोन गोष्टी मुंबईच्या उपनगरांत पूर्वीपासून होत्या. तिसरीची उणीव होती. ती 'उपनगरी अक्षर परिवार' या आमच्या फेसबुकवरच्या समूहाने भरून काढली. परिवाराचा सरचिटणीस या नात्याने हे निवेदन करताना मला आनंद होत आहे. (पद मानद आहे. मान कोण देतं, हा विषय वेगळा.)

ऑनलाइन लेखकाचं जिणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. त्याला रोज लिहावं लागतं, नाहीतर लोक विसरतात. दुसऱ्यांचं वाचावं लागतं, नाहीतर लोक रुसतात. शिवाय समूहात मिळूनमिसळून राहावं लागतं. वाढदिवस, बढती, मुरगळलेला पाय, नवा फ्रिज, सगळ्याची दखल घ्यावी लागते, नाहीतर लोक माणूसघाणा म्हणतात. हे सगळं एका दिवसात बसवायचं तर नोकरी, संसार आणि झोप यांपैकी काहीतरी सोडावं लागतं. आमच्या काही जिद्दी सदस्यांनी तिन्ही सोडून पाहिलं, तरी वेळ पुरेना.

या पेचातून वाट काढली ती आमचे अध्यक्ष अनिरुद्ध कर्णिक यांनी. कर्णिकसाहेब अंधेरीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यामुळे त्यांना विचार करायला वेळ असतो. त्यांनी शांतपणे तपासलं की या सगळ्यात जास्तीत जास्त वेळ कशात जातो. उत्तर मिळालं: वाचनात. लिहायला फार वेळ लागत नाही (आमच्या परिवारात तर मुळीच नाही), मिळूनमिसळून राहायला एक बदाम पुरतो. पण वाचायला बसलं की माणूस अडकतो. तेव्हा वाचन तेवढं काढून टाकलं की बाकीचं आपोआप बसतं. इतकी साधी गोष्ट इतक्या पिढ्यांना सुचली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

वाचनाच्या जागी साहेबांनी आहेराची पद्धत आणली. लग्नात आपण आहेर करतो तेव्हा नवरा-नवरीच्या स्वभावाची चौकशी करत बसतो का? पाकीट देतो, फोटो काढतो, जेवतो आणि घरी येतो. उद्या आपल्याकडे कार्य निघालं की पाकीट परत येतं. साहित्यातही तेच का असू नये? म्हणून नियम झाला: स्वतःचं एक लिखाण टाकण्याआधी दुसऱ्या दहा जणांना प्रतिक्रियेचा आहेर करायचा. ज्याने आपल्याला केला त्याला परत करायचा. आहेर चुकवणाऱ्याला आधी समज, मग ताकीद, मग कारवाई.

आता दहा ठिकाणी वेगवेगळं काय लिहायचं, हा प्रश्न आला. साहेबांनी वारच लावून दिले. सोमवारी 'अप्रतिम!', मंगळवारी 'हृदयस्पर्शी', बुधवारी 'नेहमीप्रमाणेच सुंदर', गुरुवारी 'शेवट चटका लावून गेला', शुक्रवारी 'निःशब्द', शनिवारी 'डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं' आणि रविवारी, सुट्टी असल्यामुळे, 'प्रसन्न वाटलं'. ज्यांना स्वतःच्या मनाचं काही लिहायचं असेल त्यांनाही मोकळीक होती. त्यांनी एखादं फूल जोडावं.

पद्धतीचे परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे होते. सदस्यसंख्या चार हजारांवर गेली. पूर्वी एखाद्या लेखाला तीन प्रतिक्रिया यायच्या आणि त्यातल्या दोन भांडणाच्या असत; आता शंभराच्या खाली कोणी बोलेना आणि भांडणं तर साफ बंद झाली. (भांडायचं म्हणजे वाचावं लागतं.) आमच्या ज्येष्ठ सदस्या तेजल, ज्या मुलुंडहून 'आठवणींची फोडणी' हे सदर लिहितात, त्यांनी एकदा गडबडीत लेखाऐवजी आपल्या सोसायटीची पाणीकपातीची सूचना टाकली. मंगळवार होता. एकशे वीस जणांना ती हृदयस्पर्शी वाटली. तेजलताईंनी ती सूचना पुढे आपल्या पुस्तकातही घेतली, आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत आटोपशीर पान आहे.

अशा या भरभराटीच्या काळात पर्ल रिबेलो नावाची मुलगी परिवारात आली. राहणार मरोळच्या जुन्या गावठाणात. सांताक्रूझला एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करण्याचं काम करते. परिवारात येताना प्रत्येकाने आपण का लिहितो ते सांगायचं असतं. साधारणपणे लोक 'व्यक्त होण्यासाठी' असं सांगतात. पर्लने लिहिलं: "माझे पपा विसरायला लागलेत. मी दिवसभर कामावर असते. कधी रस्ता चुकले तर आसपासच्या चार माणसांना त्यांची ओळख असावी, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहिणार आहे." हेतू वाङ्मयीन नव्हता, पण आम्ही मोठ्या मनाने घेतला.

तिने भराभर लिहायला सुरुवात केली. तिचे वडील अर्बन, त्यांची भाजीची शेती, ती शेती गेली तिथे उभी राहिलेली काचेची इमारत. एका भागात तिने नुसते वडिलांचे बारकावेच दिले होते: ते खाकी टोपी घालतात, शर्टाच्या खिशात लसणीची पाकळी ठेवतात, उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही म्हणून डाव्या बाजूला बसून बोलावं लागतं, आणि 'अंकल' म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'काका' म्हणायचं. दुसऱ्या एका भागात पंपाची हकिगत होती. अर्बनना म्हातारपणी मधूनच वाटतं की शेतातल्या विहिरीवरचा पंप चालूच राहिला. शेत नाही, पंप नाही. विहीर तेवढी आहे, त्या काचेच्या इमारतीच्या पार्किंगमागे, वर लोखंडी जाळी आणि ती जाळीही एका बाजूने गंजून उचकटलेली. अर्बन तिथे जातात आणि पंपाचं बटण शोधत जाळीवरून वाकतात. मग पर्लने जाऊन म्हणायचं, "पपा, पंप मी बंद केला. मिरचीला पाणी पोचलं." दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर ते हलत नाहीत. या भागाला शंभरावर 'अप्रतिम!' मिळाले, तेव्हा तो सोमवारी आला असणार.

परिवारात सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. भीमराज तायडे हे आमचं दुखणं होतं. मूळचे अकोल्याकडचे, रोज लोकलने येऊन घाटकोपरच्या एका कंपनीत ऑडिटर. माणूस सज्जन, पण आहेर करेना. समज दिली, ताकीद दिली. शेवटी एकदा त्यांनी प्रतिक्रिया दिली ती अशी: पर्लच्या एका भागाखाली विचारलं, "मिरचीचे वाफे विहिरीच्या कोणत्या अंगाला होते?"

परिवारात खळबळ उडाली. प्रश्न विचारणं म्हणजे आपण वाचलं आहे असं चारचौघांत दाखवणं, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना ओशाळं करणं. शिवाय पर्लने त्यांना बांधावरच्या चिंचेसकट चांगलं लांबलचक उत्तर दिलं, बाकी शंभर जणांना नुसते हात जोडले. मी भीमराजांना फोन केला.

"तायडेसाहेब, अहो एक 'अप्रतिम' टाकायला काय जातं तुमचं?"

"जात काही नाही हो," ते म्हणाले. "पण लोकलमध्ये वाचता वाचता घाटकोपर येतं. आणि चांगलं काही वाचलं की मला लगेच बोलवत नाही."

असल्या सबबी कार्यकारिणी ऐकून घेत नाही. त्यांचे लिहिण्याचे आणि प्रतिक्रिया देण्याचे अधिकार काढून घेण्यात आले. यापुढे त्यांनी परिवारात फक्त वाचायचं, अशी शिक्षा झाली. इतकी कडक शिक्षा आम्ही याआधी कोणालाच दिली नव्हती.

आणि मग तो गुरुवार आला.

पर्ल कामानिमित्त बसने नाशिकला निघाली होती. तिचा भाऊ डॅरिल जहाजावर असतो, म्हणून वडिलांना शेजारच्या ज्युलिया आंटीवर सोपवलं होतं. दुपारी आंटीचा डोळा लागला आणि अर्बन चप्पल घालून निघाले. आंटीने गल्ली पाहिली, चर्च पाहिलं. पुढे जायला तिचे गुडघे तयार नव्हते. तिने पर्लला फोन केला. बस तेव्हा कसारा घाटाच्या तोंडाशी होती. रेंज असेपर्यंत पर्लने ओळखीच्यांना फोन लावून पाहिले, सगळे कामाच्या जागी लांब लांब. मग तिने परिवारात लिहिलं. चार हजार माणसं एकदम, आणि सगळी तिच्या वडिलांना ओळखणारी.

"पपा घरातून निघून गेलेत. ज्युलिया आंटीने जवळपास पाहिलं, नाहीत. पंप बंद करायलाच गेले असणार. कुठे ते सांगत बसत नाही, तुम्ही वाचलंय सगळं. मरोळच्या आसपास कोणी असाल तर प्लीज लगेच जा. काय म्हणायचं तेही तुम्हाला माहीत आहे. आता घाट लागतोय, रेंज जाईल." खाली अर्बनचा टोपी घातलेला फोटो.

परिवार असा धावून आलेला मी कधी पाहिला नव्हता. पहिली प्रतिक्रिया तर पोस्ट पुरती उघडायच्या आत आली: "शेवट चटका लावून गेला." पाठोपाठ तशाच साठ. त्यानंतर मनाचं लिहिणाऱ्यांनी रांग लावली. "घाटात रेंज जाणं, किती सूचक!" "वडिलांचं पात्र आणखी फुलवता आलं असतं." "फोटो छान, कोणता कॅमेरा?" बोरिवलीच्या एका सदस्याने 'प्लीज' या शब्दाबद्दल मराठीच्या वतीने दुःख व्यक्त केलं. तेजलताईंनी लिहिलं, "शेवट मोकळा सोडलास हे फार आवडलं गं. पुढचा भाग लवकर टाक, जीव टांगणीला लागलाय!" आणि त्यांनी मनाचं लिहिलेलं असल्यामुळे एक फूल जोडलं.

तासभर गेला तरी पर्ल कोणाचेच आभार मानेना. हे मात्र लोकांना खटकलं. लेखकाला प्रतिसाद मिळू लागला की डोक्यात हवा जाते, असं काहींनी बोलून दाखवलं. सरचिटणीस म्हणून मला तिला समज द्यावी लागली: "आपल्या कथेवर आलेल्या प्रतिक्रियांना उत्तर देणे हे परिवाराच्या परंपरेला धरून आहे." मजकूर मी स्वतः लिहिला होता. आधी मीही गुरुवारचं लिहिलंच होतं.

इथे अध्यक्षांच्या साधनेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा प्रसंग त्यांनी नंतर 'लेखकाची एकाग्रता' या व्याख्यानात स्वतः सांगितला, म्हणूनच मला ठाऊक आहे. कर्णिकसाहेबांचं ऑफिस मरोळच्या त्या काचेच्या इमारतीतच आहे. दुपारचं जेवण झालं की ते मागच्या पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून आहेर उरकतात. त्या दिवशी ते पर्लच्याच कथेवर लिहीत होते. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना वारांचं बंधन नाही. ते सविस्तर लिहितात. वृद्धांच्या एकाकीपणावर त्यांचा दुसरा परिच्छेद रंगात आला असताना खाकी टोपी घातलेला कोणी म्हातारा गाडीच्या काचेवर टकटक करू लागला. साहेबांनी दुर्लक्ष केलं. पुन्हा टकटक. तेव्हा साहेबांनी काच चार बोटं खाली केली, "अंकल, काम चालू आहे, सिक्युरिटीला विचारा ना," असं सौम्य शब्दांत सांगितलं आणि काच वर घेतली. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसावं. तो जरा वेळ तिथेच थांबला, मग भिंतीकडे निघून गेला. साहेबांच्या विचारांची साखळी तुटली नाही. परिच्छेद पूर्ण झाला. त्याला पुढे दीडशे बदाम मिळाले.

भीमराज तायडे त्या वेळी घाटकोपरला, कंपनीत होते. शिक्षा झालेली असल्यामुळे बिचारे वाचत होते. प्रतिक्रिया द्यायची सोय नव्हती, कोणाला काही विचारायचीही नव्हती. तेव्हा ते उठले, आपल्या वरिष्ठांना "घरचं काम आहे" म्हणाले आणि मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून तिथून रिक्षा केली. पार्किंगमध्ये कसे पोचले असं मी त्यांना पुढे विचारलं. म्हणाले, "विहिरीपर्यंतचा रस्ता तिसऱ्या भागात दिलाय ना."

अर्बन जाळीच्या उचकटलेल्या बाजूने एक पाय आत टाकून वाकले होते. वॉचमन लांबूनच ओरडत होता. भीमराज पळाले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते जाऊन कठड्यावर बसले. अर्बनच्या ज्या बाजूला बसायला हवं त्याच बाजूला.

"काका, पंप मी बंद केला."

अर्बननी मान वळवली. "तू कोण रे?"

"मी भीमराज. पंप बंद केला, काका."

"आणि मिरची?"

"मिरचीला पाणी पोचलं. पार शेवटच्या वाफ्यापर्यंत. चिंचेच्या अंगाला आहे ना, तिथपर्यंत."

अर्बननी जरा विचार केला आणि पाय बाहेर काढला. "मग असा उन्हात काय बसलास? चल, घरी चहा घेऊ." वाटेत त्यांनी भीमराजांना खिशातली लसणीची पाकळी दिली. भीमराज म्हणतात ती त्यांनी खाल्ली. मी त्यांच्या जागी असतो तर मला रडू आलं असतं. पण मी बोरिवलीत होतो आणि समज लिहीत होतो.

पुढच्या रविवारी मुलुंडला, तेजलताईंच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मासिक संमेलन झालं. पर्लच्या पोस्टला प्रतिक्रियांचा उच्चांक मिळाल्यामुळे महिन्यातील सर्वोत्कृष्ट कथेचं मानपत्र तिला जाहीर झालं होतं. ती आली. बरोबर भीमराजही आले होते आणि शिक्षा असल्यामुळे मागे गप्प उभे होते.

मानपत्र घ्यायला नाव पुकारलं तेव्हा पर्ल जागेवरूनच म्हणाली, "ती कथा नव्हती."

"अगं तेच तर!" तेजलताई टाळी वाजवत म्हणाल्या. "वाटतच नाही कथा!"

"ताई, माझे पपा खरंच हरवले होते."

"हो ना! किती जिवंत लिहिलंयस यार!"

पर्लचा आवाज चढला. "तुम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं ना, वाचलं म्हणून? मी एकेकाला हात जोडले होते. माझे पपा विहिरीत वाकले होते तेव्हा तुम्ही मला कॅमेरा विचारत होता!"

वडे आले होते, पण कोणी हात लावेना. पेच गंभीर होता आणि कार्यकारिणीने तो तिथल्या तिथे चर्चेला घेतला. पोस्ट कथा नसून सूचना आहे असं मानलं, तर तिच्यावर केलेले सगळे आहेर चुकीच्या कार्यात गेले असं ठरतं. म्हणजे ते धरता येणार नाहीत. म्हणजे त्या आहेरांच्या बळावर सदस्यांनी पुढे टाकलेलं लिखाणही नियमबाह्य ठरतं आणि काढावं लागतं. एका माणसाच्या वडिलांपायी इतक्यांच्या साहित्याचा बळी देणं कोणालाच पटलं नाही. सबब, पोस्ट ही कथाच आहे, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं, लेखिकेचं. भीमराजांना मताचा अधिकार नव्हता.

पर्लने मानपत्र खुर्चीवर ठेवलं आणि ती निघून गेली. मला त्या क्षणी खरोखर वाईट वाटलं. पण रविवार होता. मी संमेलनाच्या फोटोखाली 'प्रसन्न वाटलं' असं लिहिलं.

पर्लने परिवार सोडला. लिहिणं सोडलं नाही, असं कळतं. आता ती वडिलांबद्दलचं लिखाण फक्त ज्युलिया आंटी, पार्किंगचा वॉचमन, कोपऱ्यावरचा दूधवाला आणि भीमराज तायडे यांना पाठवते. चार हजारांवरून चारवर. एखाद्या होतकरू लेखिकेची इतकी घसरण मी पाहिलेली नाही. अर्बनना मधूनच अजून पंप आठवतो. ते निघतात, आणि वाटेतच कोणीतरी गाठून त्यांना मिरचीला पाणी पोचल्याचं सांगतं. भीमराज शनिवारी घाटकोपरहून चहाला जातात. परिवारात मात्र त्यांची शिक्षा अजून चालू आहे.

आमचं उत्तम चाललं आहे. सदस्यसंख्या पाच हजारांकडे झुकली आहे.

आणि तुम्हीही, रसिकहो, इथवर आलात. परिवारातर्फे तुमचे आभार. वाचलंत म्हणता, तेव्हा एक साधी गोष्ट विचारतो. उद्या मरोळ नाक्यावर खाकी टोपीवाले एक काका विहिरीच्या दिशेने निघालेले दिसले, तर काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे, दोनदा सांगून झालं. पण ते त्यांच्या कोणत्या कानाशी म्हणायचं?

नाही, वर जाऊन पाहू नका. तिथे रस्त्यावर वर जायची सोय नसते.

राहू द्या. आज वार कोणता आहे तेवढं पाहा, आणि त्याप्रमाणे खाली लिहा.